लेकीचं घेत नाहीत

बाबा, पत्राच्या वरच्या ओळीत काय लिहायचं असतं ते शाळेत मी पोरींना जन्मभर शिकवलं, आणि आज तुम्हाला लिहायला बसले तर त्यातलं काहीच नको वाटतं. मागच्या आठवड्यात मला अकोल्याच्या दवाखान्यात भरती केलं. पोटात गाठ आहे. तुमच्या गाठीचीच जात, जागा तेवढी वेगळी. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. तिने माझी खालची पापणी ओढून पाहिली, नखं दाबून पाहिली आणि म्हणाली, "आजी, रक्त फार कमी आहे. आधी बाटल्या चढवू, मग ऑपरेशन." मी विचारलं, रक्त कोणाचं? नर्स हसली. "पेढीतलं आहे आजी, कोणाचं ते आम्हालाही ठाऊक नाही." कोण कुठला माणूस, त्याने कुठेतरी हात पुढे केला आणि त्याचं रक्त माझ्या हातात थेंब थेंब उतरत होतं. मी ना त्याची जात विचारली, ना नातं. उताणी पडून त्या नळीकडे बघत होते आणि मला तुमचा राग आला. इतक्या वर्षांनी, मेलेल्या माणसाचा. म्हटलं, हे एवढं सोपं होतं तर तुम्ही का नाही घेतलं?

तुमची ती सवय आधी सांगते, कारण सगळं तिथूनच निघतं. लग्न करून तुम्ही मला अकोल्याला जठारपेठेत दिलंत. जावई जिनात काट्यावर कापूस तोलायला. तुम्ही परतवाड्याजवळच्या आपल्या मळ्यातून निघायचे, छोट्या गाडीने मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीने अकोला, आणि डोक्यावर हा एवढा भारा. वांगी, मेथी, संत्री, आणि वर सांबाराच्या ओल्या जुड्या. आमच्या शाळेतल्या पुण्याकडच्या बाई त्याला कोथिंबीर म्हणायच्या, तर तुम्हाला ते ऐकून हसू यायचं. भारा माझ्या स्वयंपाकघरात ठेवायचा आणि तुम्ही मात्र बाहेर ओट्यावर बसायचे. धोतराच्या सोग्यात बांधलेली भाकर सोडायची, घरून भरून आणलेल्या तांब्यातलं पाणी प्यायचं. लेकीच्या घरचं घेत नाहीत. तिच्या मांडीवर मूल आलं की मग मोकळीक. माझ्या मैत्रिणींच्या बापांना ही अट वर्ष-दोन वर्षं पाळावी लागली. माझ्या बापाला ती संपतच नव्हती. दोन वेळा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सगळं वाहून गेलं. शेजारच्या बायका तुमच्या तांब्याकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे. तुमच्या ते लक्षात आलं असावं, म्हणून तुम्ही मोठ्याने सांगायला लागले, "खारं पानी हाय बाप्पा अकोल्याचं, माह्या पोटाले झेपत नाई." अकोल्याचं पाणी खारं होतंच. पण तुमचं पोट त्या पाण्याला कधी लागलंच नव्हतं, तर झेपत नाही हे कळलं कसं, असं मला दर वेळी विचारावंसं वाटायचं. विचारलं नाही.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत तुम्ही पांढरे पडायला लागलात. मी दिवाळीला आले तर तुम्ही मोट हाकताना मध्येच थांबून बैलाच्या पाठीवर हात टेकून उभे. धाप लागलेली. ओठ कसे, धुतलेल्या कापडासारखे. मी म्हटलं, बाबा, डॉक्टरला दाखवा. तर तुम्ही म्हणालात, "उन्हानं होते तसं." दिवाळीत कसलं आलंय ऊन? मायचं निदान तुमच्याहून बरं होतं. ती म्हणाली, "रक्त आटून राह्यलं तुह्या बाबाचं," आणि औषधही तिला ठाऊक होतं. मडक्यात ताक घेऊन ती लोहाराकडे जायची. लोहार नांगराचा फाळ लालबुंद तापवून त्या ताकात बुडवायचा. चर्र आवाज, जळक्या दह्याचा वास. ते काळपट ताक तुम्ही रोज सकाळी तोंड वाकडं करून प्यायचे आणि म्हणायचे, "आता मले बैलाच्या जागी जुपा, फाळ तं पोटातच हाय." महिनाभराने तुम्हाला परसाकडे डांबरासारखं काळं व्हायला लागलं. मायला कोण आनंद झाला. लोखंड लागू पडलं, जास्तीचं बाहेर पडून राह्यलं, असं तिने सगळ्या आळीत सांगितलं. मी मास्तरीण, सातवी पास, आरोग्याचं पुस्तक पोरींना शिकवणारी. मीही ते खरं मानलं. लोहाराला तुम्ही टोपलंभर वांगी दिलीत.

ते काळं म्हणजे तुमचंच रक्त होतं. पोटातली गाठ पाझरत होती आणि आम्ही गुण येतोय म्हणून खूश होतो. हे मला अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माय बाजूलाच उभी होती, आणि मी तिला त्यातलं अर्धंच सांगितलं. तोवर तुम्ही विहिरीपाशी मोटेच्या धावेवर, बैलांच्या वाटेतच, कोसळले होते. दादाने तुम्हाला बैलबंडीत घालून परतवाड्याला आणलं, तिथून मोटारीने अमरावती. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ आला की माणसांनी उतरायचं. तुम्हाला तेवढं बसू दिलं आणि त्याचीसुद्धा तुम्हाला लाज वाटली, असं दादा सांगत होता. तार मिळाल्यावर मी आणि तुमचे जावई अकोल्याहून आलो. तुम्ही लोखंडी खाटेवर, चादरीत आणि तुमच्यात फरक कळत नव्हता.

डॉक्टरांकडे एक छोटी पुस्तिका होती, तिच्यात लाल रंगाच्या पट्ट्या, गडद ते फिक्या. त्यांनी तुमच्या बोटाला सुई टोचली, टिपकागदावर थेंब घेतला आणि एकेका पट्टीशेजारी धरत गेले. शेवटच्या पट्टीपाशी थांबले. ती पट्टी लाल म्हणावी अशी नव्हतीच. मला बाहेर बोलावून म्हणाले, "पोटात कॅन्सरची गाठ आहे, पण अजून सुटी आहे, काढता येईल. मात्र एवढ्या रक्तावर मी सुरी लावली तर ते टेबलावरून उठायचे नाहीत. बाई, या रोगाने माणूस जायला वेळ लागतो. अंगात रक्तच नसेल तर तेवढाही वेळ मिळत नाही. कोणाचं तरी रक्त द्यावं लागेल, जुळलं पाहिजे." दादाचं काचेवर घेऊन पाहिलं, तर त्याचे दाणे झाले, जुळलं नाही. मायचं तेच. तुमच्या जावयांनी बाही सरसावली तेव्हा तर तुम्ही खाटेवरून उठायलाच निघालात. जावयाचं रक्त! त्यापेक्षा तुम्ही तिथल्या तिथे प्राण सोडले असते. मग माझं घेतलं. काचेवर दोन्ही थेंब एक झाले, जणू वेगळे कधी नव्हतेच. मला इतका आनंद झाला की मी धावत तुमच्याकडे आले आणि सांगितलं. तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "नाई."

मला वाटलं तुम्हाला समजलं नाही. पुन्हा सांगितलं. तुम्ही म्हणालात, "समजलं मले. लेकीचं घेत नाई आपल्यात. कन्यादान केलं म्यां तुहं. दिलेलं वापस घेते काय कोनी?" डॉक्टरांनी समजावलं, दादाने हात जोडले. माय तुमच्याच बाजूची. ती पदराने डोळे पुसत म्हणायची, "त्याहिचं खरं हाय वं, लोकं काय म्हनतीन?" दिवस जात होते. रोज सकाळी डॉक्टर येऊन तुमची पापणी ओढून पाहत आणि माझ्याकडे न बघता पुढच्या खाटेकडे जात. मी तुम्हाला तुमच्याच धंद्यातून पकडायला पाहिलं. म्हटलं, जंबेरी लिंबाच्या खुंटावर तुम्ही संत्र्याचा डोळा बांधून कलम करता, रस खुंटाचा आणि फळ डोळ्याचं, मग तिथे नाही का देणं-घेणं? तुम्ही म्हणालात, "झाड बोलत नाई वं. लोकं बोलतात." तुमच्याशी बोलण्यात मी कधी जिंकले नव्हते. चौथीत असताना तुम्ही मला एकदा फटकारलं होतं, मास्तरांना उलट बोलले म्हणून, आणि म्हणाला होतात की खरं असलं तरी ते लहान तोंडातून मोठं होऊन बाहेर पडतं, तेव्हा जपून. त्या दिवशी मी जपलं नाही.

दुपारची वेळ होती. खोलीत आपण दोघंच. मी म्हटलं, "बाबा, मले मूल नाई म्हनून तुमी माह्या घरचं पानी पेत नाई. अन् आता त्याच्याचसाठी मराले निंगाले. मले जन्मभर नाई झालं तं जन्मभर तुमी तहानलेच राहान काय माह्या दारात?" माझा आवाज इतका चढला होता की बाहेरची आया डोकावून गेली. तुम्ही मान माझ्याकडे वळवली. तुमच्या तोंडावर जे आलं ते मी पुन्हा कधी कोणाच्या तोंडावर पाहिलं नाही. तुम्ही रीत पाळत होता, आणि खाऱ्या पाण्याची सबब सांगूनही त्या रीतीचं टोक मला दर खेपेला टोचतं हे तुम्हाला खरंच कळलं नव्हतं. "तसं नाई वं," तुम्ही म्हणालात. "पानी खारं..." आणि थांबलात. मग म्हणालात, "पानी आन. तुह्या हातचं." माझ्याजवळ अकोल्याहून आणलेला माझा फिरकीचा तांब्या होता. मी तुम्हाला उठवून बसवलं. तुम्ही सगळा पेला संपवला, ओठ पुसले आणि उजवा हात माझ्यापुढे पसरून म्हणालात, "सांग तुह्या डाक्टरले." मी रडले. तुम्हीही रडलात, पण तोंड भिंतीकडे करून.

माझं रक्त तुमच्या अंगात गेलं त्या संध्याकाळी तुमची नखं मी चिमणीच्या उजेडात धरून बघत होते. आधी काहीच नाही. मग हळूहळू, पेरूच्या आतल्या गरासारखा, फिकट गुलाबी रंग. मला ते माझंच कर्तृत्व वाटलं, खोटं कशाला बोलू. ज्या अंगाने मूल धरून ठेवलं नाही त्या अंगाने बाप धरून ठेवला, असं काहीसं मनात येत होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पोटाचा मोठा भाग काढला आणि म्हणाले, रक्तामुळे निभावलं. तुम्ही मळ्यात परत गेलात, वाळलेले पण उभे. गावात बोलायचे ते बोललेच. भावकीतल्या एकाने पारावर म्हटलं की लेकीचं रक्त पिऊन म्हातारा जगला. तुम्ही त्याला म्हणालात, "पेलो. गोड होतं." हे दादाने मला सांगितलं तेव्हा त्यालाही हसू आवरत नव्हतं.

त्यानंतर तुम्ही अकोल्याला यायचे ते थेट आत. पाटावर बसून पाणी मागायचे आणि पहिला घोट घेतल्यावर म्हणायचे, "खरंच खारं हाय वं." मग चहा, मग माझ्या हातची भाकर, एवढुशा उरलेल्या पोटात मावेल तेवढी. आणि भाऱ्यात आता पालक जास्त, चवळी जास्त, गुळाची ढेप. माझ्यासमोर बसून मला खायला लावायचे. तुमचं रक्त कमी झालं ते माझ्यामुळे भरलं, आणि माझं कमी झालं असेल ते तुम्ही भाजीने भरणार होतात. मी दारात आलेल्या शेजारणींना तुम्हाला दाखवायचे. हे माझे बाबा, जेवताहेत. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात बरे दिवस होते असं आता वाटतं. तुम्ही त्यानंतर संत्र्याचा बहार दोनदा पाहिलात.

तिसरा फुलायच्या सुमाराला तुम्ही पुन्हा पांढरे पडलात. या वेळी कोणी लोहाराकडे गेलं नाही. अमरावतीला तेच डॉक्टर, तीच पुस्तिका. गाठ आता यकृतापर्यंत गेली होती, कापण्यासारखं काही राहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "रक्त दिलं तर काही महिने मिळतील. अंगात थोडी ताकद येईल, उठून बसतील, दोन घास खातील. नाही दिलं तर मग फार दिवस नाहीत." आम्ही सगळे तुमच्या खाटेभोवती होतो, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं जुळतं हे आता सगळ्यांना पाठ होतं. मला तेव्हा तिसरा महिना चालला होता. हे फक्त माझ्या घरी ठाऊक होतं आणि मायला. दोनदा गेलं होतं म्हणून मी कोणाला बोलले नव्हते, पायऱ्यासुद्धा जपून उतरत होते, शाळेतून रजा घेतली होती. दादाला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी माझं रक्त घेतलंच नसतं कदाचित. पण घेतलंही असतं. दुसऱ्या कोणाचं मिळेना, आणि मी हट्टी होते हे त्यांनी पाहिलं होतं.

कोणी काही बोलायच्या आत तुम्ही हात वर केलात. "नको," म्हणालात. "लेकीचं घेत नाई आपल्यात." माय खाली बघत होती. दादाला धक्का बसला, कारण दोन वर्षं माझ्या घरी जेवणारा माणूस असं म्हणतो म्हणजे भावकीचं बोलणं शेवटी लागलंच, असं त्याला वाटलं. गावात सगळ्यांना तेच वाटलं. तुम्ही माझ्याकडे पाहत होता. ती नजर कठोर नव्हती. मायने तुम्हाला सांगितलं होतं, का तुम्ही माझ्या चालण्यावरून ओळखलं होतं, का तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं आणि खरंच भीती वाटली होती लोकांची, हे मी मायला पुढे कधीच विचारलं नाही. तीही गेली आता. तुम्ही त्या महिन्यातच गेलात, घरी, तुमच्याच खाटेवर, पाणी मागत मागत. मी शेवटी पाणी दिलं. मूल श्रावणात झालं, आणि जगलं.

उद्या माझं ऑपरेशन आहे. बाटल्या चढवून झाल्या, डॉक्टरीणबाई म्हणाली आता रंग बरा दिसतो. हा कागद मी कोणाच्या हाती लागू देणार नाही, सकाळी नर्सकडून काडेपेटी मागून जाळणार आहे, म्हणून एवढं लिहून टाकते. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की बाबांनी दुसऱ्यांदा रक्त घेतलं नाही, जुन्या वळणाचे होते, ऐकेनात. त्याबद्दल मी तुमच्यावर रागावले, लोकांसमोर आणि मनातही, आणि परवा त्या नळीखाली पडूनसुद्धा रागावले. पहिल्या वेळी मी किती भांडले होते तुमच्याशी. दुसऱ्या वेळी तुम्ही "नको" म्हणालात आणि मी पदर पोटावर ओढून घेतला आणि "बरं" म्हटलं. एकच शब्द. मला हायसं वाटलं होतं, बाबा. तो गुन्हा होता असं मी मानत नाही. आज पुन्हा तशीच वेळ आली तरी मी तेच करीन. पण ते "बरं" तुमचं ऐकून नव्हतं. तुम्ही "नको" म्हणायच्या आधीच ते माझ्या तोंडात तयार होतं.